बत्तीस रुपयांचं पाकीट

पाकीट पांढरं, लांबट, शाळेचा शिक्का कोपऱ्यात जरा तिरका उमटलेला. बक्षीस समारंभ नुकताच संपला होता. पटांगणात खुर्च्या एकात एक घालून उचलल्या जात होत्या, माइकवाला वायर गुंडाळत होता, आणि दहावीतल्या एका मुलीने जिन्यात उभं राहून ते पाकीट उघडलं. आत दहाच्या तीन नोटा आणि कागदाच्या कपट्यावर सेलोटेपने चिकटवलेलं दोन रुपयांचं नाणं. आणखी काही आहे का हे बघायला तिने पाकीट उलटं करून झटकलं. मग कार्यालयाच्या खिडकीशी जाऊन अगदी अदबीने विचारलं, "सर, हे चुकून आलंय का?" लिपिकाने चष्मा कपाळावर चढवला, पाकिटावरचा क्रमांक वहीशी ताडून पाहिला. "नाही गं बाळा, बरोबर आहे. संस्कृतात पहिली ना? बत्तीसच येतात." ती "थँक यू सर" म्हणाली आणि पाकीट दप्तरात सारून निघून गेली. चेहऱ्यावर नाराजीही नव्हती, नुसता गोंधळ.

जुन्या मराठी शाळेच्या कार्यालयात, लोखंडी कपाटात, सर्व्हिस बुकांच्या गठ्ठ्याशेजारी अशी एक वही असतेच. लाल कापडी पाठ, कुरतडलेले कोपरे, आत चार-पाच लिपिकांची हस्ताक्षरं. पारितोषिकाचं नाव, देणगीदार, रक्कम, पावती क्रमांक, अट. या वहीत अशा त्रेचाळीस नोंदी. सतरावी नोंद १९६८ सालची: रुपये ५०१, एका शिक्षकाच्या पत्नीकडून, पतीच्या स्मरणार्थ, संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीस व्याजातून. पाचशे ही रक्कम आणि वरचा एक शकुनाचा. त्या घरातून पाचशे एक रुपये बाहेर पडले, तेव्हा कुठलं तरी एखादं काम नक्की पुढे ढकललं गेलं असेल. आज बँक साडेसहा टक्के देते असं धरलं तर ५०१ वर वर्षाला ३२ रुपये ५६ पैसे होतात. पैसे सोडून दिलेले. म्हणजे लिपिकाचा हिशोब चोख होता.

एक रुपयाही कुणी खाल्लेला नाही, हेच त्यातलं वाईट.

शाळेसाठी कायम ठेवी आणि मृत्युपत्रातल्या देणग्या मिळवणं हे काम करणाऱ्यांना या वहीची भीती वाटायला हवी, आणि बहुतेकांना ती वाटत नाही. पावती फाडली, फोटो काढला, की काम झालं असं वाटतं. खरं काम तिथून पुढे ऐंशी वर्षं चालणार असतं. ठेवीचं गणित तसं चौथीच्या पुस्तकातलं आहे. एक लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले, वर्षाचे सात हजार आले, सातही हजार वाटले, तर मुद्दल कायम एक लाखच राहणार आणि भाव मात्र वाढत जाणार. त्याऐवजी चार हजार वाटले आणि तीन हजार मुद्दलात परत टाकले, तर चोवीस वर्षांत मुद्दल दोन लाखांवर जातं आणि बक्षीसही आठ हजारांचं होतं. एवढं एक वाक्य, की व्याजाचे साताला चार भाग वाटावेत आणि तीन मुद्दलात मिळवावेत, १९६८ च्या त्या नोंदीत असतं तर मुलीला पाकीट झटकावं लागलं नसतं. पण देणाऱ्या बाईंनी ते लिहावं अशी अपेक्षा कशी करणार? ते सुचवणं घेणाऱ्याचं काम. त्या दिवशी घेणाऱ्याने पावती लिहिली, चहा दिला, आणि बाई गेल्या.

यावर संस्थेचे हिशोबनीस हमखास एक शंका काढतात: ट्रस्टला उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम त्या वर्षात खर्च करावी लागते, मग साताला तीन मागे ठेवायचे कसे? उत्तर असं, की ती मोजणी संस्थेच्या एकूण उत्पन्नावर होते, एका बक्षिसाच्या व्याजावर नाही. फी, अनुदान, भाडं, व्याज सगळं मिळून जे होतं त्याच्या १५ टक्क्यांत या तीन-तीन हजारांना सहज जागा मिळते. दुसरी गळती टीडीएसची. बँक ठेवीच्या व्याजातून कर कापून घेते. तो परत मागायला विवरणपत्र वेळेवर भरावं लागतं, आणि परतावा आला की तो कुठल्या ठेवीचा हे खतावणीत उतरवावं लागतं. लहान संस्थांत तो सामान्य खात्यात पडतो आणि तिथेच विरघळतो. तिसरी गोष्ट बँकेची. ओळखीचे संचालक आहेत, अर्धा टक्का जास्त देतात, म्हणून सगळ्या ठेवी एकाच बँकेत टाकायची आपल्याकडे फार आवड. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेतल्या संस्थेच्या सगळ्या ठेवींना मिळून व्याजासकट पाच लाखांपर्यंतच आहे. त्रेचाळीस पारितोषिकं असली तरी ठेवीदार एकच.

नाव टिकावं म्हणून माणूस देतो, हे म्हणायला कुणी कचरू नये. त्यात कमीपणाही नाही. पण नाव टिकण्याचे प्रकार गमतीचे असतात. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या कितीजणींना एच.एच.सी.पी. ही अक्षरं सुटी करून सांगता येतील? त्यात सांगलीचे हिज हायनेस चिंतामणराव पटवर्धन आहेत. १८८४ सालची शाळा, नाव संस्थानिकांचं, पण लोकांच्या तोंडी राहिली ती पेशव्यांच्या घोड्यांची पागा. विठ्ठलदास ठाकरसींनी १९२० साली कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले, विद्यापीठाला आईचं नाव द्यावं या अटीवर. अट पाळली गेली, आजही पाळली जाते, आणि नाथीबाई दामोदर ठाकरसी या बाई चार आद्याक्षरांत जाऊन बसल्या. रिक्षावाल्याला "एसएनडीटी" सांगितलं की तो बरोबर नेतो. उलट नाना शंकरशेट १८६५ साली गेले, आणि संस्कृतासाठी असलेली त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मात्र नावानिशी घराघरांत बोलली गेली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली, आणि पुढे कित्येक दशकं "शंकरशेट मिळाली" एवढंच सांगितलं तरी पेढे वाटले जात. इमारतीवरचं नाव आखूड होत गेलं, आणि दर वर्षी एका नव्या पोराच्या नावाशी जोडलेलं नाव लांबत गेलं, असं काहीसं यातून दिसतं. अर्थात हा नियम नाही. बत्तीस रुपयांचं पाकीटही दर वर्षी एका नव्या मुलीच्या हातात पडतंच की.

नावावरून आठवलं. मृत्युपत्रातली सगळ्यांत नेहमीची चूक शाळेच्या नावात असते. माणूस लिहितो, "माझ्या किंग जॉर्ज शाळेस पाच लाख." दादरची ती शाळा आता राजा शिवाजी विद्यालय आहे. दुसरा लिहितो "भावे स्कूल", ती आता विमलाबाई गरवारे प्रशाला. नाव जुनं झालं तरी ओळख पटवता येते, त्याहून मोठी अडचण वेगळीच. कायद्याच्या नजरेत शाळा ही बहुतेक वेळा कुणीच नसते. मालमत्ता घेऊ शकते ती संस्था, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली. एका संस्थेच्या बारा शाळा असतात आणि मृत्युपत्रात फक्त संस्थेचं नाव असेल, तर पैसे मुख्य कार्यालयात जाऊन आपल्या गावच्या शाळेला त्यातला खडूही मिळत नाही. म्हणून नोंदणीप्रमाणे संस्थेचं पूर्ण नाव, ट्रस्ट नोंदणी क्रमांक, पॅन, मग "या संस्थेच्या अमुक गावच्या अमुक शाळेसाठी", आणि हवं असेल तर "कायम निधीत जमा करावे" हे शब्द स्पष्ट हवेत. शेवटच्या शब्दांवर बरंच काही अडतं. तसं लिहिलेलं नसेल तर आलेली रक्कम त्या वर्षाचं साधं उत्पन्न धरली जाते आणि खर्च करायचा तगादा मागे लागतो. वीस लाख कायमचे राहावेत म्हणून दिलेले असतात, आणि मार्च महिन्यात त्यांचे पेव्हर ब्लॉक होतात. शहाण्या संस्था हा मजकूर एका कागदावर छापून ठेवतात, मधे रिकाम्या जागा सोडून. कुणी विचारलं की तो कागद द्यायचा, आपण पेन हातात घ्यायचं नाही.

पेन हातात न घेण्याचा मुद्दा नवख्यांना कळत नाही. त्यांना वाटतं, आजोबांना वकील कुठे शोधायला लावायचा, आपणच मसुदा करून नेऊ, आपल्याच दोन शिक्षकांच्या साक्षी घेऊ. इतका चांगुलपणा पुढे अंगाशी येतो. ज्याला लाभ मिळणार त्याने मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला असेल तर ते संशयास्पद ठरतं, आणि तो संशय फेडण्याची जबाबदारी लाभ घेणाऱ्यावर येते. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच हे नीट सांगून ठेवलंय. म्हणून वकील त्यांचा, फी त्यांची, साक्षीदार त्यांचे. बाकी कागद म्हटला तर फार साधा असतो. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्यांनीही करायची. आतला मजकूर साक्षीदारांनी वाचायची गरज नसते. साक्षीदार मात्र मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने लहान हवेत. सोसायटीच्या कट्ट्यावरचे दोन समवयस्क मित्र साक्षीला घेतले, की पंधरा वर्षांनी कोर्टात उभं राहायला तिघांपैकी कुणीच उरत नाही. वय सत्तरीपुढे असेल तर त्याच तारखेचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शक्यतो डॉक्टरच एक साक्षीदार. प्रत्येक पानावर सही, खाडाखोड असेल तिथे सही. घरात ठेवायची भीती वाटत असेल तर बंद पाकीट लाखेने सील करून जिल्हा निबंधकांकडे ठेवता येतं, ही सोय १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे आणि फारच थोड्यांना ठाऊक असते.

आणि हा सगळा कागद ज्याने केला तो उद्या सकाळी उठून फाडू शकतो.

हे मनात पक्कं बसलं नाही तर या कामात पडू नये. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं. कुणी "शाळेला लिहून ठेवलंय हो" म्हणालं म्हणून ते वहीत जमेला धरायचं नाही, इमारत निधीच्या तक्त्यात दाखवायचं नाही, आणि देवाशप्पथ, स्नेहसंमेलनात जाहीर करायचं नाही. अध्यक्षांना मोह होतो. समोर पाहुणे आहेत, मूड लागलाय, आणि ते माइकवर सांगून टाकतात की आपल्या जुन्या बाईंनी आपला राहता फ्लॅट शाळेला द्यायचं ठरवलंय. टाळ्या पडतात. त्याच रात्री भाच्याचा फोन येतो. आठवड्याभरात बाईंना फिरायला बेंगळुरूला नेलं जातं. भाचाही वाईट नसतो. त्याला ही गोष्ट बाईंच्या तोंडून, दुपारच्या चहावर कळायला हवी होती, ती व्हॉट्सॲपवर कळली. म्हणून देणाऱ्याला एकच आग्रह करावा: घरच्यांना स्वतः सांगा, हयातीत सांगा, जमलं तर दोन ओळी लिहून मृत्युपत्राला जोडा की मी हे का करतेय. घरच्यांशी झालेली ती अवघड बैठक पुढची दहा वर्षांची तारीख-पे-तारीख वाचवते.

पण आधी विषय निघणार कसा? मराठी घरात मृत्युपत्र हा शब्द उच्चारला की कुणीतरी "अभद्र बोलू नये" म्हणून उठून आत जातं. वकील हल्ली इच्छापत्र म्हणतात, आणि शब्द बदलल्याने खरंच खोलीतली हवा बदलते. मृत्यूऐवजी इच्छेबद्दल बोलायचं असेल तर माणसं बोलतात. पहिल्या भेटीत मागू नये, दुसऱ्याही भेटीत नाही. दिवाळी अंक घेऊन जावं, संक्रांतीला तिळगूळ न्यावा, शाळेचा जुना वर्गफोटो असेल तर त्याची प्रत न्यावी आणि ऐकत बसावं. देणारे कोण असतात? ज्यांच्या गाड्या समारंभाला लांबून दिसतात ते सहसा नव्हेत. निवृत्त शिक्षिका, अविवाहित राहिलेली पोस्टातली बाई, मूलबाळ नसलेलं जोडपं, पंचवीस वर्षं घंटा दिलेला शिपाई. त्यांच्या बोलण्यात शाळेचा वास असतो: डब्यातल्या लोणच्याचा, ओल्या रेनकोटचा, प्रयोगशाळेतल्या गॅसचा. आणि कधीतरी, बहुधा निरोप घेताना, चपला घालताना, ते स्वतःच विचारतात, "माझ्यामागे हे सगळं काय होईल कुणास ठाऊक." तिथे घाई करायची नाही. "तुम्हाला काय व्हावंसं वाटतं?" एवढंच विचारायचं. पुष्कळदा उत्तर पैशांबद्दल नसतंच. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नीट लागावी, असं एका बाईंचं उत्तर असतं. तेही लिहून घ्यायचं, जसंच्या तसं.

फ्लॅटचा विषय वर आला, तर तो पुरा करू. शहरात साध्या माणसाची सगळ्यांत मोठी मिळकत म्हणजे राहता फ्लॅट, आणि शाळेच्या दृष्टीने ती सर्वांत त्रासाची. मृत्युपत्रात "फ्लॅट संस्थेस द्यावा" असं लिहिलं, तर फ्लॅट संस्थेच्या नावावर होतो, धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे मिळकतीतल्या बदलाची नोंद, टाकावा लागतो, आणि मग तो विकायचा म्हटलं की कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी आली. मूल्यांकन, जाहीर निविदा, विश्वस्तांचा ठराव, तारखा. तोवर सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर चालू, गॅलरीत कबुतरं. तेच जर असं लिहिलं की "माझ्या व्यवस्थापकाने हा फ्लॅट विकून, खर्च व देणी वजा जाता येणारी रक्कम संस्थेस द्यावी", तर फ्लॅट कधी ट्रस्टची मिळकत होतच नाही, पैसेच येतात. (व्यवस्थापक म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला त्यातच नेमलेला माणूस.) एका वाक्याच्या फरकाने दोन-तीन वर्षं वाचतात. आणि ठरावीक आकड्यापेक्षा उर्वरित मिळकतीचा हिस्सा लिहिणं चांगलं. १९९५ साली लिहिलेले "दोन लाख" आज वेगळंच बोलतात, पण "बाकी राहील त्याचे चार आणे" कधी जुने होत नाहीत. शेतजमीन असेल तर आधी महसुली कामाचा वकील गाठावा. बिगरशेतकऱ्याकडे जमीन जाताना कूळ कायदा आडवा येतो, आणि शाळा काही शेतकरी नव्हे.

सगळ्यांना सगळं देता येतं असंही नाही. गोव्यात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्याला पुण्यातला छापील कागद पाठवून चालत नाही. मुलंबाळं असतील तर तिथे मृत्युपत्राने निम्म्याच मिळकतीवर हुकूम चालतो, निम्मी सक्तीच्या वारसांची. त्यात नवरा-बायकोची मिळकत सामायिक असेल तर अर्धी आधीच जोडीदाराची. म्हणजे घरातल्या एकूण रुपयातले चार आणेच एकाला मोकळेपणी देता येतात. मुस्लिम देणगीदाराला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाच्या पुढे जाता येत नाही. ख्रिस्ती माणसाने धर्मादाय देणगी मृत्युपत्राने द्यायची तर जवळचे नातेवाईक असल्यास ते मरणाआधी निदान वर्षभर केलेलं असावं, अशी एक जुनी आडकाठी होती; ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली घटनाबाह्य ठरवली. वसईतली कितीतरी घरं तरी अजून "आपल्यात तसं चालत नाही" म्हणतात. निकाल वर्तमानपत्रात येतो, आजीच्या डोक्यातून नियम जायला पिढी लागते.

न्यू जर्सीतल्या बॅचचा ग्रुप वेगळाच. तिथे उत्साह भरपूर, गणपतीत एका संध्याकाळी आकडे बोलले जातात. पण पासपोर्ट कुठला, हा प्रश्न आधी विचारायचा असतो आणि तोच संकोचापोटी राहून जातो. भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून नेहमीच्या बँकमार्गाने दिले, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत फायलीला लावली की झालं. पण ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तो, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, परदेशी स्रोत. त्याच्या पैशाला संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते आणि तो दिल्लीत स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. गावच्या शाळेच्या साध्या खात्यात त्याने पाचशे डॉलर टाकले तर कौतुकाचा विषय गुन्ह्याचा होतो. आणि "मी बँकेत शाळेचं नाव नॉमिनी म्हणून टाकतो" असं कुणी म्हणालं तर प्रेमाने थांबवायचं. बँक ठेवीला नॉमिनी व्यक्तीच लागते, संस्था चालत नाही, शिवाय नॉमिनी हा मालक नसतो, पैसे सांभाळून हक्कदाराला देणारा असतो. आयकरात सवलत देणारी ८०जीची पावतीही जिवंतपणी दिलेल्या पैशांनाच उपयोगी, तीसुद्धा जुनी करपद्धत निवडली असेल आणि दोन हजारांच्या वर रोख दिली नसेल तर. म्हणून थोडं हयातीत द्या आणि कसं वापरलं जातंय ते डोळ्यांनी बघा, मग उरलेलं लिहा, हा सल्ला दोघांच्याही हिताचा.

मग वाट बघणं. हा भाग कुणी बोलत नाही. ज्याचं लिहून ठेवलंय त्याच्या वाढदिवसाला फूल घेऊन जायचं, तब्येतीची चौकशी करायची, आणि ती चौकशी करताना आपल्याच आवाजाचा जरा संशय यायचा. यावर उपाय नाही. एवढंच पथ्य, की ज्यांनी काहीही लिहून ठेवलेलं नाही अशा जुन्या शिक्षकांकडेही तितक्याच वेळा जायचं. सकाळी कार्यालयात वर्तमानपत्र आलं की आधी निधनवार्ता वाचायची, कारण व्यवस्थापक म्हणून नेमलेला चुलतभाऊ शाळेला कळवेलच असं नाही. वाचून लगेच फाईल काढायची नाही. दिवसपाणी होऊ द्यावं, मग जावं, हातात काही न घेता. फाईलमध्ये तोवर एकच पान असावं: मृत्युपत्र कुठे आहे, व्यवस्थापक कोण, वकील कोण, आणि इच्छा काय. मुख्याध्यापक तीन-चार वर्षांनी बदलतात, अध्यक्ष निवडणुकीत पडतात, ते पान मात्र राहायला हवं. मुंबईतल्या मिळकतीचं असेल तर वर्षानुवर्षं प्रोबेटशिवाय पान हलत नसे, आणि प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरची कोर्टाची मोहोर, विरोध नसला तरी महिनोन्‌महिने. त्या काळात शाळेकडून आठवण करणारं पत्र कितीदा जावं, हाही एक नाजूक हिशोब. दोन महिन्यांतून एकदा, सौम्य, आणि सहीखाली माणसाचं नाव हवं, "कार्यालय" नव्हे.

शाळेच्या मागच्या बाजूला, पाण्याच्या टाकीआड, तुटक्या बाकांच्या शेजारी तीन संगमरवरी पाट्या भिंतीला टेकून उभ्या आहेत. जुनी इमारत पाडली तेव्हा काढून ठेवल्या. अक्षरांतला काळा रंग गेलाय. बोट फिरवलं की "स्मरणार्थ" लागतं, त्याच्या वरचं नाव शेवाळात. फेकवत नाही, लावायला जागा नाही. खोलीला नाव देताना "ही इमारत उभी असेपर्यंत, आणि नंतर नव्या इमारतीतल्या एका एकत्रित फलकावर" इतकं कबूल करून घेतलं असतं, तर या पाट्या अशा शिक्षा झाल्यासारख्या उभ्या नसत्या. पावसाळ्यात त्यांच्यावर गोगलगाई चढतात.

तर ते पाकीट. त्रेचाळीस बक्षिसं, त्यातली तीस तरी शंभर रुपयांच्या आतली. सोपा मार्ग कुणालाही सुचेल: सगळी मुद्दलं एकत्र करा, पाच मोठी बक्षिसं द्या. पण देणाऱ्याने घातलेली अट विश्वस्तांच्या ठरावाने पुसता येत नाही. जिथे मूळ हेतू पाळणं अशक्य किंवा निरर्थक झालंय, तिथे जवळात जवळचा हेतू ठरवून घ्यायला महाराष्ट्राच्या ट्रस्ट कायद्यात कलम ५५ आहे, पण तो रस्ता न्यायालयातून जातो. ५०१ रुपयांसाठी वकिलाची फी कोण भरणार? त्यामुळे बहुतेक शाळा मधला मार्ग धरतात: अट जशीच्या तशी ठेवायची, आणि मुद्दलात भर घालायला कुणी मिळतं का पाहायचं. देणाऱ्याची नातवंडं, नाहीतर ते बक्षीस पूर्वी मिळालेली मुलं-मुली. वहीत दर वर्षीची नावं असतातच. हे लोक सापडतात, आणि हाक मारली तर बऱ्यापैकी येतात.

हाक मारायची म्हणून सतराव्या नोंदीची मूळ फाईल शोधली गेली. गंजलेल्या टाचणीने चार कागद एकत्र टोचलेले, टाचणीभोवती तपकिरी वर्तुळ. त्यात बाईंचं निळ्या शाईतलं पत्र. अक्षर टपोरं, ओळी सरळ. वहीत लिपिकाने एका ओळीत उतरवलेली अट पत्रात चार ओळींची होती. व्याजाची रक्कम रोख देऊ नये, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं. मुलीला त्या पैशांत संस्कृतचा कोश घेऊन द्यावा, आणि पहिल्या पानावर तिचं नाव घालावं. "ह्यांचा कोश सारखा कुणीतरी मागून नेई," असंही एक वाक्य. कोश कधी बंद झाला आणि पाकीट कधी सुरू झालं, हे वहीत कुठेच नाही. कदाचित एखाद्या वर्षी दुकानात मिळाला नसेल, कदाचित व्याज कमी पडलं असेल, आणि पुढच्या लिपिकाने मागच्या वर्षाची ओळ बघून तीच गिरवली असेल.

लिपिकाने पत्र दोनदा वाचलं. चष्मा पुसला. मग अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानाला फोन लावून कोशाची किंमत विचारली आणि ती पेन्सिलीने फाईलच्या कडेला लिहिली. आकडा बत्तीसच्या कितीतरी पुढचा. त्याने तो कंसात घातला, बत्तीस वजा केले, आणि समोर बसलेल्या मुख्याध्यापिकांकडे मान वर करून विचारलं, "मॅडम, हा वरचा फरक कुठल्या खात्याला टाकू?"